पोरांच्या नावावर रान करताना: एका जुन्या सचिवाच्या वहीतून

"सचिव, पोराच्या नावावर रान केलं तर इन्कमटॅक्सवाले दारात येतील काय वो?"

दूध संस्थेच्या कट्ट्यावर हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतो. मी २९ वर्षं गावच्या विकास सोसायटीत सचिव होतो. सातबारा, बोजा (रानावरची कर्जाची नोंद), फेरफार (मालक बदलल्याची नोंद) हे माझ्या रोजच्या भाकरीतलं. इन्कमटॅक्स मात्र मी साठीनंतर शिकलो, तेही स्वतःचं रान मुलांना देताना. तेव्हा जे कळलं आणि जिथं ठेचकाळलो, ते इथं लिहून ठेवतो. आकडे माझ्या दस्तातले आहेत. तुमचे वेगळे असतील, रीत हीच.

आधी भीती घालवू. बक्षीसकर नावाचा एक कर देशात होता. १९५८ साली कायदा आला आणि १ ऑक्टोबर १९९८ पासून तो कर बंद झाला. आमच्या पिढीच्या डोक्यात तो अजून जिवंत आहे. आज बाप आपलं रान सज्ञान मुलाला किंवा मुलीला बक्षीस देतो तेव्हा बापाला भांडवली नफ्याचा कर लागत नाही, कारण पैसे घेऊन विकलेलं नाही आणि कायदा असल्या बक्षिसाला हस्तांतर मानत नाही. मुलालाही 'एवढी मालमत्ता फुकट मिळाली' म्हणून कर लागत नाही, कारण आईबाप हे आयकर कायद्याच्या नातेवाइकांच्या यादीत आहेत. परक्याकडून मिळालं तर ५० हजारांची मर्यादा असते. बापाकडून मिळालं तर मर्यादाच नाही.

मग कर गेला कुठं? तो रानाबरोबर पोराच्या घरी राहायला जातो. हे समजायला मला एक वर्ष आणि लेकीचे काही हजार रुपये लागले.

(एक खुलासा. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या जागी २०२५ चा नवा आयकर कायदा आला आणि कलमांचे आकडे बदलले. म्हणून मी कलमं न सांगता नियम सांगतोय. तुमच्या सीएला नियम सांगितला की कलम तो शोधतो.)

माझं रान कसलं होतं

बक्षीसपत्राचा विचार मनात आला की वकिलाकडं पळू नका. आधी घरात बसून रानाची जात ओळखा. माझ्याकडं तीन प्रकार होते.

पहिली मळी. नदीकाठचा एक एकर, वडिलांच्या वाटणीत आलेला. ही वडिलोपार्जित. हिच्यात माझ्या मुलांचा जन्मानं हक्क आहे. मुलांचा म्हणजे लेकीचाही, २००५ च्या दुरुस्तीनं तो पक्का केला. एकत्र कुटुंबाच्या अविभक्त रानातला हिस्सा एकट्यानं उचलून एकाला बक्षीस देता येत नाही, तसा दस्त कोर्टात टिकत नाही. अशा रानाला वाटप हाच रस्ता. सगळ्यांची संमती असेल तर तहसीलदारांकडं महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली वाटप होतं. शेतजमिनीच्या वाटणीपत्रावरची नोंदणी फी राज्य सरकारनं मे २०२५ मध्ये माफ केली, त्यामुळं खर्चाचं निमित्तही उरलेलं नाही.

दुसरं, शहराजवळचं ३० गुंठे. १९९१ साली ४२ हजाराला घेतलेलं, माझा पगार आणि आमच्या मंडळींच्या पाटल्या घालून. हे स्वकष्टार्जित. करवीर तालुक्यातलं, ग्रामपंचायत हद्दीतलं.

तिसरं, पन्हाळा तालुक्यातलं चार एकर, १९९८ आणि २००४ च्या दोन खरेदीखतांचं. हेही स्वकष्टार्जित.

सातबाऱ्यावर डाव्या बाजूला भूधारणा पद्धती बघा. 'भोगवटादार वर्ग १', म्हणजे मोकळं रान, असेल तर पुढं चला. 'वर्ग २', म्हणजे सरकारी अटीचं, असेल तर थांबा. इतर हक्कात कुळकायदा कलम ४३ ची नोंद असली, म्हणजे कूळ म्हणून घेतलेलं रान, तर ते शेरे उतरवल्याशिवाय बक्षीससुद्धा देता येत नाही. आमच्या कोल्हापूर भागात देवस्थान इनामाची रानं पुष्कळ. कसतोय तुम्ही, पण मालक देव. ते रान बक्षीस द्यायचा विचार सोडून द्या.

आणि तुकडा. ऑगस्ट २०२३ पासून जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे हे किमान क्षेत्र आहे. एका गृहस्थांना २१ गुंठे जिरायत तीन मुलांना सात-सात वाटायचं होतं. चहा पाजून परत पाठवलं.

हवाई अंतराची गंमत

आता खरा करप्रश्न. शेतजमीन दोन प्रकारची: ग्रामीण आणि शहरी. सातबारा दोन्हीचा सारखाच दिसतो. ग्रामीण शेतजमीन आयकरासाठी भांडवली मालमत्ताच नाही. उद्या ती कितीलाही विकली तरी भांडवली नफ्याचा कर शून्य. शहरी ठरली की कर.

शहरी कशी ठरते? नगरपालिका किंवा महापालिकेच्या हद्दीत असेल आणि तिथली लोकसंख्या १० हजार किंवा जास्त असेल तर ती शहरी. हद्दीबाहेर असेल तर अंतर मोजायचं: लोकसंख्या १० हजारांवर ते १ लाखापर्यंत असेल तर २ किलोमीटर, १ लाखावर ते १० लाखांपर्यंत ६ किलोमीटर, १० लाखांवर ८ किलोमीटर. अंतर हद्दीपासून आणि हवाई. लोकसंख्या शेवटच्या प्रसिद्ध जनगणनेची, म्हणजे अजून २०११ ची धरतात.

कोल्हापूरची २०११ ची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास, म्हणून ६ किलोमीटर. माझं ३० गुंठ्याचं रान रस्त्यानं हद्दीपासून साडेसात किलोमीटर. मी खुशीत होतो. नातवानं मोबाईलवर नकाशा उघडला, महापालिकेच्या शिवेवर बोट ठेवलं, दुसरं आमच्या विहिरीवर ठेवलं आणि सरळ रेघ ओढली. पाच किलोमीटर दोनशे मीटर. पंचगंगेला वळसा घालून पुलावरनं जाणाऱ्या रस्त्यानं माझे दोन किलोमीटर खाल्ले होते. रान शहरी निघालं.

पन्हाळ्याकडचं चार एकर मात्र निवांत. पन्हाळ्याला नगरपरिषद आहे, पण वस्ती १० हजारांच्या पुष्कळ खाली, म्हणून तिच्या हद्दीला लागून असलं तरी फरक पडत नाही. कोल्हापूरपासून तर ते लांबच.

हे बक्षीस देताना कशाला बघायचं, कर तर विकताना? बघायचं, कारण कुणाला कुठलं रान द्यायचं ते यावरच ठरतं. जो रान कसणार, विकणार नाही, त्याला शहराजवळचं. जिला उद्या घर बांधायला किंवा मुलांच्या शिक्षणाला मोडावं लागेल, तिला ग्रामीण. मी थोरल्याला ३० गुंठे आणि दोन एकर दिलं, लेकीला पन्हाळ्याकडचं दोन एकर. आज दोघांची किंमत बरोबर दिसत नाही. पण लेकीनं विकलं तर सगळे पैसे तिचे, थोरल्यानं ३० गुंठे विकलं तर सरकारचा वाटा. एक लक्षात ठेवा: शहरी की ग्रामीण हे विकायच्या दिवशीच्या स्थितीवर ठरतं. कोल्हापूर महापालिकेच्या हद्दवाढीचं घोंगडं आमच्याकडं इतकी वर्षं भिजत पडलंय. ज्या दिवशी ते वाळेल त्या दिवशी रेघ पुन्हा ओढावी लागेल.

विकायची वेळ आली तर हिशोब

थोरल्याच्या ३० गुंठ्याचा हिशोब मांडून दाखवतो, कारण इथं शहाणी माणसं चुकतात.

बक्षिसात मिळालेल्या रानाची मुलाची खरेदी किंमत म्हणजे बापाची खरेदी किंमत. मुलानं किती वर्षं धरून ठेवलं यातही बापाची वर्षं मिळवतात. माझं रान १ एप्रिल २००१ च्या आधीचं, म्हणून ४२ हजारांऐवजी त्या तारखेची बाजारकिंमत धरता येते, पण ती त्या वेळच्या मुद्रांक मूल्यांकनापेक्षा जास्त नको. ते आमच्या गटाला ३ लाख आलं.

समजा उद्या ४८ लाखाला विकलं. नफा ४५ लाख. २३ जुलै २०२४ पासून दर १२.५ टक्के, महागाईची वजावट नाही (त्याआधी घेतलेल्या रानाला वजावटीसह २० टक्क्यांनी कर कमी येत असेल तर तेवढाच, इथं तसा येत नाही). कर ५ लाख ६२ हजार ५००, वर ४ टक्के उपकर, एकूण ५ लाख ८५ हजार. (पगार-बिगारानं मूळ सूट आधीच वापरली असं धरलंय.)

आता चूक कुठं होते? बक्षीसपत्रात सरकारी मूल्यांकन लिहिलेलं असतं. आमच्या ३० गुंठ्याचं २४ लाख होतं. मुलगा समजतो, आपली खरेदी २४ लाखाची, म्हणून नफा फक्त २४ लाखाचा. तसं रिटर्न भरलं तर नोटीस ठरलेली. दस्तातलं मूल्यांकन फक्त मुद्रांक आणि जिल्हा परिषदेचा सेस मोजण्यापुरतं असतं, ती मुलाची खरेदी किंमत नव्हे.

कर वाचवायचा कायदेशीर रस्ता आहे. विकायच्या आधीची दोन वर्षं रान शेतीसाठी वापरात असलं पाहिजे, मुलाच्या किंवा आईबापाच्या हातून. आणि विकल्यापासून दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली पाहिजे. वापर दाखवायचा कशानं? सातबाऱ्यावरच्या पिकांच्या नोंदीनं. म्हणून दर हंगामाला ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईलवरनं पिकाची नोंद, करा. पोरं कंटाळा करतात, रानात ऊस उभा आणि सातबाऱ्यावर 'पड'. असा एक शेरा पाच लाखाला पडू शकतो.

लेकीचा फोन

माझी लेक बँकेत अधिकारी. तिच्या नावावर दोन एकर झालं तेव्हा डोळे भरले तिचे. पुढच्या जुलैत फोन आला: "आण्णा, तुम्ही मला रान दिलंय का इन्कमटॅक्स?"

शेतीचं उत्पन्न करमुक्त, हे बरोबर. पण ज्याचं दुसरं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर आहे आणि शेतीचं निव्वळ उत्पन्न ५ हजारांच्या वर, त्याच्या बाबतीत कराचा दर ठरवायला शेतीचं उत्पन्न मिळवून बघतात. माझं दुसरं उत्पन्न नव्हतं, म्हणून माझ्या हातात त्या उसाला काहीच लागत नव्हतं. तिच्या हातात लागलं.

२०२५-२६ च्या नव्या करप्रणालीच्या टप्प्यांनी तिचा हिशोब असा. पगाराचं करपात्र उत्पन्न १४ लाख. नुसत्या त्यावर कर ९० हजार. उसाचं खर्च वजा जाता १ लाख ६० हजार. दोन्हीची बेरीज १५ लाख ६० हजार, त्यावर कर १ लाख १४ हजार. मग मूळ सूट ४ लाख अधिक १ लाख ६० हजार, म्हणजे ५ लाख ६० हजारावरचा कर ८ हजार, तो वजा. राहिले १ लाख ६ हजार. म्हणजे रानामुळं १६ हजार वाढले, उपकरासह १६ हजार ६४०. दर वर्षी.

याचा अर्थ लेकीला देऊ नका असा नाही. आकडा आधी सांगा, एवढंच. मी सांगितला नव्हता. आता ती वहीत खत, नांगरट, पाणीपट्टी, तोडणीची खुशाली सगळं लिहून ठेवते, कारण खर्च दाखवला तर निव्वळ उत्पन्न खरं निघतं.

याच नादात दुसरी चूक. बक्षीसपत्र झालं तरी कारखान्यात ऊस नोंद माझ्याच नावावर राहिली आणि पहिलं बिल माझ्या खात्यावर आलं. रान तिचं, पैसे माझे, रिटर्न कुणी भरायचं? फेरफार झाला की ऊस नोंद, सोसायटीचं सभासदत्व, पाणीपुरवठा संस्थेचा हिस्सा आणि शेतीपंपाचं बिल ही चारही नावं बदलून घ्या.

सुनेच्या नावावर करू का, असंही विचारतात. २०० रुपये मुद्रांकात ज्यांना बक्षीस देता येतं त्या यादीत (ती पुढं दिलीय) सून नाही, विधवा सून आहे. आणि सासऱ्यानं सुनेला फुकट दिलेल्या मालमत्तेचं उत्पन्न आयकरात सासऱ्याच्याच नावाशी जोडतात. सज्ञान मुलामुलीला दिलेल्याचं जोडत नाहीत. अठराच्या आतलं पोर असेल तर ते उत्पन्न आईबापाकडंच येतं, म्हणून वाट बघा.

धाकटा जर्मनीत

धाकटा स्टुटगार्टला. त्यालाही दोन गुंठे का होईना द्यावं, असं आमच्या मंडळींचं म्हणणं. चौकशी केली तर कळलं, परदेशी राहणाऱ्या भारतीयाला शेतजमीन विकतही घेता येत नाही आणि बापाकडून बक्षीसही घेता येत नाही. परकीय चलनाच्या कायद्यातली, फेमाची ही अट आहे. पासपोर्ट भारतीय असला म्हणून सुटका नाही, प्रश्न राहण्याचा आहे. घर, फ्लॅट बक्षीस चालतो. शेत, फार्महाऊस, मळा नाही. पण वारसानं चालतं. म्हणून त्याच्यासाठी मृत्युपत्र. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, तरी मी करून घेतली. मळी माझ्या नावावरच ठेवली आणि माझ्या हिश्श्यापुरतं त्यात लिहिलं. पुढं त्याला विकायची झाली तर इथं राहणाऱ्यालाच विकता येईल, हेही सांगून ठेवलंय.

मळी माझ्या नावावर ठेवायला दुसरंही कारण होतं. पीएम-किसानला १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख आहे. त्यानंतर नावावर जमीन आलेल्याला हप्ता नाही, फक्त मालक वारल्यावर वारसानं आली असेल तरच. म्हणजे सगळं रान बक्षीस देऊन बसलात तर तुमचे ६ हजार जातात आणि पोरालाही मिळत नाहीत. राज्याच्या नमो शेतकरीचे ६ हजारही त्याच यादीवर. बक्षीसपत्राचा सेस लोक घासाघीस करून मोजतात आणि वर्षाचे १२ हजार कायमचे सोडून येतात.

दस्ताचा दिवस

खर्च. शेतजमीन किंवा राहतं घर नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा विधवा सून यांना बक्षीस दिलं तर मुद्रांक फक्त २०० रुपये, २०१५ सालापासून. नोंदणी फी २००. पण ग्रामीण भागात जिल्हा परिषदेचा १ टक्का सेस बाजारमूल्यावर लागतोच, आणि लोक हाच विसरतात. लेकीच्या दोन एकराचं मूल्यांकन १४ लाख ६० हजार, सेस १४ हजार ६००. दोन्ही २०० धरून १५ हजार, वर पानामागचं हाताळणी शुल्क आणि लिहिणावळ. मूल्यांकन रेडी रेकनरचं, म्हणजे सरकारी दरतक्त्याचं, नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर गावनिहाय बघायला मिळतं. बागायत-जिरायत दरात फरक असतो, म्हणून दस्तातला शेरा सातबाऱ्याशी जुळवून घ्या.

कागद: डिजिटल सहीचा सातबारा आणि ८अ, म्हणजे खातेउतारा (१५ रुपयांत ऑनलाइन मिळतो), मूळ खरेदीखतापासूनचे सगळे फेरफार, दोघांचं आधार आणि पॅन, दोन साक्षीदार. सातबाऱ्यावर बोजा नको. इथं माझी फजिती झाली. ३० गुंठ्यावर १९९६ च्या पाईपलाईन कर्जाचा बोजा तसाच होता. कर्ज २००१ साली फिटलेलं. सोसायटीचा सचिव मी. गावातल्या शेकडो लोकांना कर्ज फिटल्याचा बेबाकी दाखला देऊन बोजा कमी करायला पाठवणारा मी, आणि स्वतःचा राहिला. दिव्याखाली अंधार. नव्या सचिवानं हसत हसत दाखला दिला, तरी पंचवीस दिवस गेले.

दस्तात काय लिहायचं ते लिहिणाऱ्यावर सोडू नका. 'माया-प्रेमापोटी व विनामोबदला' हे शब्द तो घालतोच. 'बक्षीस स्वीकारले व ताबा घेतला' हे मुलाच्या तोंडचं वाक्य आहे का बघा. देणारा जिवंत असताना स्वीकार झाला नाही तर बक्षीस पुरं होत नाही. विहिरीतला हिस्सा, मोटार, पाईपलाईन, बांधावरची झाडं आणि गाडीवाट नावानिशी लिहा. आमच्या विहिरीत चुलतभावाचा आठ आणे हिस्सा आहे. तो न लिहिता 'विहिरीसह' एवढंच लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी भाऊबंदकी दारात.

आणि हे एक वाक्य मी भांडून घालून घेतलं: 'बक्षीस घेणार यांनी बक्षीस देणार व त्यांच्या पत्नी यांचे हयातभर अन्न, वस्त्र, निवारा व औषधोपचार यांची तजवीज करावयाची आहे, तसे न केल्यास सदर बक्षीस रद्द होण्यास पात्र राहील.' थोरला मान खाली घालून बसला होता. त्याला वाटलं बापाचा विश्वास नाही. तसं नव्हे. बक्षीसपत्र एकदा नोंदलं की मनात आलं म्हणून मागं घेता येत नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात कलम २३ आहे: सांभाळायच्या अटीवर दिलं आणि सांभाळलं नाही तर प्रांतांकडं (उपविभागीय अधिकाऱ्यांकडं) अर्ज करून दस्त रद्द करून घेता येतो. पण अट दस्तात नसेल तर ती होती हे सिद्ध करताना म्हाताऱ्याची दमछाक होते. आता उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आलंय खरं, म्हणून त्याची पायरी चढायची हौस धरू नये. हयातभर वहिवाट आणि उत्पन्न स्वतःकडं ठेवूनही मालकी बक्षीस देता येते, सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली ते मान्य केलंय. ज्याला पोराची खात्री नाही त्यानं तो पर्याय बघावा.

दुय्यम निबंधक कार्यालयात फोटो, अंगठे, सह्या, सगळं पाऊण तासात झालं. बायकोची आणि न देणाऱ्या-घेणाऱ्या मुलांची संमतीदार म्हणून सही घेतली, कायद्यानं नको असली तरी. दस्त हातात आला, लेकीनं वाचला आणि म्हणाली, "आण्णा, हे नाव कुणाचं?" लिहिणाऱ्यानं तिचं माहेरचं नाव घातलं होतं, आधारावर सासरचं. मसुदा मी तीनदा वाचला होता. मला ते नाव इतकं ओळखीचं, की चुकलंय हे दिसलंच नाही. चूक दुरुस्ती पत्र, पुन्हा साक्षीदार, पुन्हा गडहिंग्लजहून तिचा हेलपाटा. मसुदा घेणाऱ्याला वाचायला द्या, हे यातनं शिकलो.

नोंदणीनंतर फेरफार. वर्दी आता बहुधा निबंधकाकडूनच ऑनलाइन जाते, पण वाट बघत बसू नका. आठवड्यानं सूची क्रमांक दोनची (नोंदलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्याची) प्रत घेऊन तलाठ्याकडं (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) चक्कर मारा. हितसंबंधितांना नोटीस निघते, १५ दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. मग नवा सातबारा काढून गट नंबर, क्षेत्र, नाव आणि आकार (शेतसारा) ही चार घरं बोट ठेवून तपासा.

शेवटचं काम दस्तात नसतं. दोघांनाही मी एकेक प्लास्टिकची फाईल दिली. थोरल्याच्या फाईलमध्ये १९९१ च्या खरेदीखताची प्रमाणित प्रत, २००१ च्या मूल्यांकनाचा उतारा, बेबाकी दाखला, आणि ती सरळ रेघ ओढलेला नकाशा, नातवानं छापून दिलेला. मूळ खरेदीखत पत्र्याच्या पेटीत आहे. त्या ४२ हजारांच्या पावतीवर आमच्या मंडळींच्या पाटल्यांचं वजन मी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय, ते आयकरात कुठं बसत नाही.